अ‍ॅक्सोलॉटल, हवालदार आणि माझं दही

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात शहापुरात माझ्यावर हातभट्टी लावल्याचा आळ आला.

दारूबंदीचे दिवस होते. माझं माहेर लांब, अक्कलकोटच्या पलीकडे. शाळा सहावीतच सुटलेली, तरी नवरा मिळाला तो हायस्कुलात सायन्स शिकवणारा! सासूबाईंनी माझ्या शिक्षणावरून कधी एक शब्द काढला नाही. (दह्यावरून काढत. माझं विरजण लागतच नसे. सकाळी भांड्यात दूधही नाही, दहीही नाही, असं काहीतरी तिसरंच असे.) त्या उपकाराखाली मी इतकी वाकलेली, की हातून चमचा पडला तरी वाटे, झालं, आता परत पाठवणार!

एके सकाळी ह्यांच्या मुंबईच्या प्रोफेसर मित्राचा निरोप आला : मी सुट्टीवर निघालोय, माझा अ‍ॅक्सोलॉटल दुपारच्या गाडीनं पाठवतोय, सांभाळ.

"अक्सो... कोण?"

"मेक्सिकोतला प्राणी. पाण्यात राहतो. पालीसारखा, पण गोड," हे चपला घालत म्हणाले. "मी आसनगाव स्टेशनावर जातो. तू मागच्या पडवीत त्याची सोय कर. काचेची मोठी बरणी, धुतलेली वाळू, घाण पाणी ओढायला रबरी नळी, गारव्याला बर्फ नि ओली गोणपाटं. उजेड नको. खायला गांडुळं. आणि आईला बोलू नकोस! पाल म्हटली की ती किंचाळते. मी येऊन समजावतो."

मी धावत सुटले. मिठाईवाल्याकडून बरणी, सोडावाल्याकडून बर्फ. नळी दवाखान्यात मिळाली. कंपाउंडरनं विचारलं, "एनिमा कुणाला द्यायचाय?" मी म्हटलं, "पाहुण्यांना!" आणि पळाले.

सगळं पदराखाली लपवून आणलं. (बरणी लपत नाही. बर्फ लपतो, पण गळतो.) शेजारच्या गोदाकाकू कुंपणाशी उभ्याच!

"काय गो, बरफ कशाला?"

"पाहुणे यायचेत."

"आन ती नळी?"

"पाहुण्यांनाच."

"कुठले गो हे पाहुने? खातात तरी काय?"

खोटं बोलायची सवय नाही. "गांडुळं," मी म्हटलं.

गोदाकाकूंचा संशय तिथंच पक्का झाला. दारू कडक व्हायला भट्टीवाले तिच्यात काय काय टाकतात, हे त्यांनी ऐकलेलं होतं!

थोड्या वेळानं दारात हवालदार. मागे गोदाकाकू. ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या सासूबाई सूप घेऊनच उठल्या. सगळी वरात पडवीत. अंधार, ओली गोणपाटं, बरणी, नळी. हवालदारांनी वास घेतला. बोट बुडवून चाटलं.

"नुसतं पाणी हाय."

"अजून चढायची आसंल!" गोदाकाकू म्हणाल्या.

"बाई, ह्यात काय टाकणार होता?"

मी सासूबाईंकडे बघितलं. पाल म्हटलं, की त्या किंचाळणार! "ते... हे आल्यावर सांगतील."

"म्हंजे मास्तर पण सामील!"

संपलं. आता चौकी, मग अक्कलकोट! मला रडू फुटलं.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. आत गेल्या आणि एक भांडं घेऊन आल्या. "हे काय हाय, सांगा."

हवालदारांनी वाकून पाहिलं. "ताक?"

"दही! हिनं काल विरजलेलं. वाकडं करून बघा."

त्यांनी भांडं वाकडं केलं. दही धावत त्यांच्या बुटात गेलं.

"जिचं साधं विरजण लागत नाय, ती मोहाची दारू कशी लावील? तुमीच सांगा!"

हवालदारांनी बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चोरावरसुद्धा कुणी एवढी दया केली नसेल. "नाय," ते म्हणाले, "ह्या बाईला जमणं शक्य नाय."

इतक्यात हे डबा घेऊन आले. झाकण उघडलं. आत पांढराफटक, चार पायांचा, मानेशी तांबड्या झालरी असलेला प्राणी. किंचाळल्या त्या गोदाकाकू! सासूबाई मात्र वाकून म्हणाल्या, "अगो बाय, हा तर हसतोय! आन हे माझ्यापास्न लपवत होतीस? सोड त्याला गार पान्यात, बिचारा दमला आसंल."

परत पाठवायचं कुणी नावही काढलं नाही. अ‍ॅक्सोलॉटल सुट्टीभर राहून गेला, मी कायमची राहिले.

पुढच्या वर्षी माझं दही पहिल्यांदा सुरीनं कापावं असं घट्ट लागलं. मी भांडं घेऊन नाचतच ओटीवर आले. सासूबाईंनी आधी दार लावून घेतलं.

"हळू बोल गो! हवालदाराच्या कानावर गेलं, तर परत येईल तो!"