मंगळवारचा डेंटिस्ट

८ जुलै, मंगळवार, दुपारचे चार. कुसगावच्या आमच्या हॉटेलची लिनन रूम, म्हणजे चादरी-टॉवेलांची खोली. हजर: मी, म्हणजे हाउसकीपिंगची इन्चार्ज; पंधरा वर्षं इथल्या खोल्या आवरणारी पवनानगरकडची मावशी; आणि इस्त्रीवाले भाऊ, तेही पाच मिनिटंच.

त्या दिवशीचं सांगण्याआधी मंगळवारचं सांगायला हवं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी रिसेप्शनला एक खोली तयार असल्याचा निरोप दिला. ती तयार नव्हती. आधीच्या पाहुण्यांचं सामान आत होतं आणि पाहुणे आंघोळीला गेले होते. नव्या कुटुंबाने दार उघडलं, पुढचा आरडाओरडा अख्ख्या मजल्याने ऐकला. अकरा वर्षांत अशी चूक माझ्याकडून झाली नव्हती. लिनन रूममध्ये जाऊन बसले तर श्वास पुरेना, डावा हात बधिर. हार्टअटॅकच समजून दवाखाना गाठला. ईसीजी स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं. मी म्हटलं, चार तास, त्यातही दोनदा उठून मोबाइल बघते. त्यांनी लोणावळा बाजारातल्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. औषधाच्या दुकानाच्या वरचा मजला.

घरी मिस्टरांना सांगितलं. हॉटेलात सांगणं शक्य नव्हतं. मागच्या वर्षी रिसेप्शनवरच्या एका मुलीने ताण सोसत नाही म्हणून रजा मागितली, तेव्हा मॅनेजर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, हे नाजूक माणसांचं काम नाही. महिन्याभरात ती नोकरी सोडून गेली. मी खोल्या आवरण्यापासून सुरुवात करून इन्चार्ज झाले होते. ही जागा अशी घालवायची नव्हती. म्हणून ड्यूटी चार्टवर मंगळवारी दोन ते चारसमोर ‘डेंटिस्ट’ लिहिलं.

पहिल्या भेटीला यादी घेऊन गेले. चौदा मुद्दे, महत्त्वाच्या क्रमाने. समुपदेशक माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण मी त्यांना ताई म्हणते. त्यांनी यादी वाचली, बाजूला ठेवली आणि विचारलं, शनिवारी तुम्ही नसलात तर यातलं काय अडेल? मी म्हटलं, सगळं. "खरंच?" एवढंच त्या म्हणाल्या. मला राग आला. माझा पाय सारखा हलत होता. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं आणि ते आधी नीट लावावं असं वाटत होतं.

हळूहळू काही जमलं. रात्री नऊनंतर मोबाइलवरच्या स्टाफ ग्रुपचा आवाज बंद. कुलूप लावलेलं दार एकदा तपासायचं, तिसऱ्यांदा नाही. धडधडलं की उभ्या जागी श्वास मोजायचे. ताईंनी दिलेलं एक काम मात्र दर आठवड्याला वहीच्या पुढच्या पानावर जायचं: कामावरच्या एका तरी माणसाला खरं सांगणे.

इकडे डेंटिस्टचं प्रकरण वाढत गेलं. कुणी लवंगतेल आणून दिलं, कुणी डब्यातून मऊ भात. इस्त्रीवाले भाऊ बघतील तिथे विचारायचे, "किती दात उरले, मॅडम?" मी एक रूट कॅनल सांगितलं, मग दुसरं. गोंधळ नको म्हणून कुठली दाढ ते वहीत टिपून ठेवलं.

तर ८ जुलै. मी ताईंकडून परत आले. भाऊंनी दाढेची चौकशी केली आणि टॉवेलांचा गठ्ठा घेऊन ते गेले. मी पिशवीतून चिक्की काढली. बाजारातून येताना दर मंगळवारी स्टाफसाठी आणायचेच. एक तुकडा मावशीला दिला, एक स्वतः कडाकड खाऊ लागले.

मावशी बघत राहिली. "सा आठवडं झालं बघतीय. दाढ कोरून आलेलं माणूस चिक्की खातं व्हय?"

मी चावायची थांबले.

"दातवाल्याकडं न्हाई जात तुमी. औषधाच्या दुकानावरल्या बाईकडं जाता. माझी भाची त्या दुकानातच काम करती."

भाची, मावशी, मग सगळा स्टाफ, मग साहेब, अशी साखळी डोक्यात धावली. आणखी कुणाला माहीत आहे, मी विचारलं.

"कुनाला न्हाई. मी काय दवंडी पिटू?" तिने उशीच्या अभ्र्याची घडी घातली, दाराकडे बघितलं. "मला बी न्या तितं."

मग तिने सांगितलं. हिवाळ्यात एका पाहुण्याने तिच्यावर चेन चोरल्याचा आळ घेतला होता. चेन त्याच्याच बॅगेत सापडली. पण तेव्हापासून बंद दाराची बेल दाबताना तिला घाम फुटतो. त्या प्रकाराचा रिपोर्ट मीच लिहिला होता: वस्तू सापडली, विषय संपला. मावशीला काही विचारल्याचं मला आठवत नाही.

मग मीही तिला सगळं सांगितलं, मे महिन्यातल्या त्या शनिवारपासून. मंगळवारी दोघींना निघायचं तर साहेबांना कारण द्यावं लागेल, म्हटलं.

"दोघींचं दात म्हना," मावशी म्हणाली.

आम्ही हसलो, पण ते जमणार नव्हतं. खोटं उघडं पडलं तर मला बोलणी बसतील, तिची नोकरी जाईल. तिच्या रजेच्या अर्जावर खरं कारण हवं, आणि ते टिकायचं तर आधी माझ्या अर्जावर हवं.

ताईंकडे तिच्यासाठी उद्या, मंगळवारी, तीनची वेळ घेतली आहे. अर्ज गुरुवारीच लिहून झाले. तेव्हापासून साहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा गेले. एकदा ते फोनवर होते. एकदा मोकळे होते, तर मी गीझरच्या दुरुस्तीचं विचारून परत आले.

आज सोमवार. साहेब सहाला निघतात. साडेपाच झालेत, आणि दोन्ही अर्ज माझ्याच टेबलावर आहेत.