वहीची उजवी बाजू

डिंगोऱ्याच्या वरच्या आळीत भिमाजीचं घर आहे. पुढे ओटा, ओट्याला लागून कांद्याची चाळ, आणि ओट्यावर एक शंभरपानी वही. गावात वह्या पुष्कळ आहेत, पण पोरं चप्पल काढून बसतात ती या एकाच वहीपाशी.

भिमाजी सातवीपर्यंत शिकला. पुढे बावीस वर्षं नारायणगावाकडे द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये त्याने खोकी उचलली. खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं आधी पाठीवर बसली, मग डोळ्यांत. रद्दीतून आणलेलं एक व्याकरण आणि पुठ्ठा गेलेला शब्दकोश, एवढेच त्याचे गुरू. असं इंग्रजी सावकाश येतं, पण आलेलं जात नाही. आमच्याकडच्या माणसाला कुणी शिकवलं नाही तरी तो शिकतो, हे मी ताठ मानेने सांगतो.

आता गुडघे गेल्यामुळे तो घरीच असतो आणि लोक प्रश्न घेऊन येतात. बारावीतल्या हर्षालीला ‘सिन्स’ कुठे आणि ‘फॉर’ कुठे, ते काही केल्या उमगत नव्हतं. भिमाजीने चाळीकडे बोट दाखवलं. कांदा पाडव्यापासून चाळीत आहे, तिथे सिन्स. चार महिने चाळीत आहे, तिथे फॉर. पोरगी पुन्हा चुकली नाही. कुणी खताच्या गोणीवरचं एन.पी.के. विचारतं, कुणी औषधाच्या चिठ्ठीवरचं बी.डी.

त्याची रीत ठरलेली. प्रश्न वहीत डावीकडे, उत्तर उजवीकडे. येत नसेल तर प्रश्न डावीकडे लिहून ठेवायचा, ‘आठ दिवसांनी या’ म्हणायचं, आणि जीपने नारायणगावला जाऊन कुणा शिकलेल्याला विचारून यायचं. अशा सतरा वह्या भरल्या. उजवीकडची एकही ओळ कोरी राहिली नाही.

गेल्या श्रावणात जानकू आला, बायकोला, कुशाबाईला घेऊन. जानकू हा भिमाजीचा लहानपणापासूनचा सोबती. कुशाबाईचं पोट दोन महिने दुखत होतं. मुलाने, समाधानने, तिला पुण्याच्या दवाखान्यात दाखवून आणलं होतं. गाठ आहे, गोळ्यांनी जिरेल, असं त्याने घरी सांगितलं आणि फाईल कपाटात वर ठेवून दिली. तो कामावर गेल्यावर जानकूने ती काढली. गोळ्या कशा द्यायच्या ते नीट कळावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

“हे बघ मास्तर,” जानकू म्हणाला, “तुझं इंग्रजी एकदा तरी माझ्या कामाला येऊ दे.”

भिमाजीने चष्मा लावला. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, एस.ओ.एस. म्हणजे दुखलं तरच, असं सांगत तो एकेक ओळ खाली आला. तिथे दोनच अक्षरं होती, सी आणि ए, आणि पुढे पोटाचं नाव. ती अक्षरं त्याला ठाऊक होती. सहाव्या वहीत उजवीकडे त्यानेच लिहिलं होतं, कॅन्सर. त्यापुढचं वाक्य पूर्ण आणि सोपं होतं. आजार पसरला आहे, आता इलाज नाही, दुखणं तेवढं कमी ठेवावं.

आपण खोकी नुसती उचलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

“खालचं मला येत नाही,” तो म्हणाला.

जानकू हसला. मास्तरचीही बॅटरी उतरते म्हणायची, असं म्हणत तो चाळीतले कांदे बघायला गेला. कुशाबाई बसून राहिली. तिला अक्षरओळख नव्हती, पण ती वहीकडे बघत होती.

“भाऊ,” ती हळू म्हणाली, “येत न्हाई म्हणालात, पण वहीत लिवलं न्हाई.”

भिमाजीने पेन उचललं. ते हातात तसंच राहिलं.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “समाधान मला सांगत न्हाई, तुमी ह्यांना सांगू नका. ह्यांचं जेवान तुटंल.”

जानकू परत आला, तेव्हा त्याच्याही ध्यानात आलं की मास्तरने प्रश्न लिहिलेला नाही. त्याने हट्टाने लिहायला लावलं. भिमाजीने डावीकडे ती दोन अक्षरं काढली. आठ दिवसांनी येतो, म्हणून जानकू बायकोला हाताला धरून घेऊन गेला.

तो आठ दिवसांनी आला. पुढच्या आठ दिवसांनीही आला. भिमाजी म्हणे, शोधतोय. जानकू सांगे की ओ.डी.ची गोळी एकदा, बी.डी.ची दोनदा, तू सांगितल्याबरहुकूम देतोय, पण ती आता भाकरीचा तुकडाही मोडत नाही.

दिवाळीच्या आधी तो आला, तेव्हा ओट्यावर हर्षाली होती. ती सरकून बसली. जानकूने काही न विचारता स्वतःच वही ओढली, पानं मागे उलटली आणि अक्षरांच्या आकारावरून ती ओळ शोधून काढली. उजवीकडे पान पांढरंच होतं. त्यावरून त्याने एकदा हात फिरवला.

“एवढं एक होत न्हाई का रं तुझ्यानं?”

“न्हाई होत, जानकू,” भिमाजी म्हणाला.