खोकलासुद्धा चोरला

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझा धाकटा दीर शाळेत होता. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे त्याचा डबा, त्याचा ताप, त्याचे रुसवेफुगवे सगळं माझ्याकडे आलं. मी त्याला भावोजी म्हणायचे आणि लगेच अरे-तुरे करायचे. आमचं नातं असं भेसळीचं.

शाळा संपली तसा तो गाड्यांच्या गॅरेजमध्ये लागला. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर पुट्टी भरायची आणि ती वाळली की घासपेपरने घासत बसायचं, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांपासून चपलांपर्यंत पांढराफटक. गॅरेजमध्ये त्याचं नाव ‘पुट्टी’ पडलं. पुढे गाणी करायला लागल्यावर त्याने तेच नाव लावलं, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, की आम्ही बारशाला ठेवलेलं नाव काय कुजलं होतं का?

रॅप म्हणजे काय हे मला त्यानेच शिकवलं. यात गायचं नसतं, बोलायचं असतं. पण असं बोलायचं की ऐकणाऱ्याची मान आपसूक हलली पाहिजे. घासपेपरच्या खर्र-खर्र ठेक्यावर तो दिवसभर ओळी जुळवायचा आणि घरी येऊन कपड्यांच्या कपाटात घुसायचा. आत सगळीकडे रजया लावलेल्या, म्हणजे आवाज घुमू नये. मी घरी गणवेश शिवते. त्याचं रेकॉर्डिंग चालू असलं की माझं मशीन बंद. सासरे म्हणायचे, बडबड करून पोट भरत असतं तर या घराची कोठी सुनेनेच आधी भरली असती. मी ऐकून घ्यायचे. बोलायला तोंड मलाही होतं, पण मशीनसारखंच तेही तेवढा वेळ बंद.

त्याने काय कमी खेटे घातले? एका कार्यक्रमात त्याला सकाळपासून ताटकळत ठेवलं आणि कुणा बड्या माणसाच्या भाच्याचा नाच लांबला म्हणून तसंच परत पाठवलं. दुसरीकडे अर्ध्या गाण्यात माईक बंद केला. एका ठिकाणी दारावरच्या माणसाने विचारलं, तू कोणाचा? याने सांगितलं, वडिलांचा. तो माणूस हसला नाही. आतही सोडलं नाही.

गॅरेजमध्ये एक रंगारी मिस्त्री होते. त्यांनीच याला हातात घासपेपर धरायला शिकवलं होतं. आयुष्यभर तोंडाला साधा रुमाल बांधून त्यांनी गाड्यांवर रंगाचे फवारे मारले. पुढे खोकला जडला, मग जिना चढवेना, आणि एक दिवस मालकाने सांगितलं, उद्यापासून येऊ नका, गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही. एवढंच. चांगला मास्क द्यायची दानत नव्हती, पण गिऱ्हाइकाला काय बरं दिसतं याची काळजी होती!

त्या रात्री हा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कपाटातून गाणं घेऊन बाहेर आला.

‘रंगाला तुझ्या मिळते वर्षांची हमी,
रंगवणाऱ्याच्या श्वासात रोज थोडी कमी.’

गाण्याच्या सुरुवातीला मिस्त्रींचा खोकला होता. याने घरी जाऊन, त्यांना विचारून तो टिपून आणला होता. मिस्त्री म्हणाले होते, घे बाबा, माझा खोकला तरी कामाला लागू दे.

गाणं त्याने इंटरनेटवर टाकलं आणि ते पसरलं. कुठल्या कुठल्या गॅरेजमधली पोरं फोनवर लावून काम करू लागली. मालकाच्या कानावर गेलं आणि याची नोकरी गेली. मग हा गाड्या धुण्याच्या ठिकाणी लागला, पण गाणं सोडलं नाही. एका स्पर्धेत म्हटलं. नंबर आला नाही, पण परीक्षकांमधले एक गृहस्थ, गाण्यांच्या मोठ्या कंपनीतले, त्याला बाजूला घेऊन म्हणाले की तुझ्यात दम आहे, गाणं पाठवून दे, बघतो. याने पाठवलं. हा आनंदाने फोन उशाशी घेऊन झोपायचा. फोन काही आला नाही.

आलं ते गाणंच. माझ्या नणंदेने लावून दाखवलं. एक गोरागोमटा मुलगा, गालाला बेताची पुट्टी लावलेली, मागे चकचकीत गॅरेज. ओळी आमच्या. ठेका आमचा. मधले दोन-चार शब्द तेवढे बदललेले. आणि सुरुवातीला खोकला! तोसुद्धा कुणाकडून तरी करवून घेतला होता. माणसाने चोरी करावी, पण दुसऱ्याचा आजारही सोडू नये?

पुढे तर कहरच झाला. याचं मूळ गाणं इंटरनेटवरून काढून टाकलं गेलं. कारण काय, तर ते म्हणे कंपनीच्या गाण्याची नक्कल आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी तेव्हा डोळ्यांनी वाचल्या. याने तक्रारी पाठवल्या. प्रत्येक वेळी तेच ठरावीक उत्तर आलं, माणसाने न लिहिलेलं.

मी म्हटलं, चल. आम्ही दोघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. थंडगार खोली, पाय बुडतील असा गालिचा. बराच वेळ बसवून ठेवल्यावर ते परीक्षक गृहस्थ आले. आवाज अगदी साखरेत घोळलेला. म्हणाले, की शब्द काय कुणाच्या मालकीचे असतात? दोघांना एकच गोष्ट सुचू शकते.

“खोकलापण दोघांना एकदम सुचला का?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. भावोजीला म्हणाले, “आमचा पुढचा व्हिडिओ येतोय. मागे उभं राहायला खरी कामगार पोरं हवी आहेत. तुझा चेहरा अस्सल आहे. येतोस?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हा मात्र शांतपणे उठला. “चेहरा घरी लागतो,” म्हणाला, आणि आम्ही निघालो.

शांत दिसला तरी आतून तो विझला होता. कपाटातल्या रजया त्याने स्वतः काढून घड्या घालून ठेवल्या. माझं मशीन दिवसभर चालू राहू लागलं आणि मला त्या आवाजाचा राग यायला लागला. वकील झाला, ओळखीचे झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच, की हत्तीशी कोण कुस्ती धरतं? सासऱ्यांनी एकदा विषय काढला. मला वाटलं, आता टोमणा येणार. ते म्हणाले, “माझी साधी सायकल चोरीला गेली होती, तर मी चौकीवर दिवसभर बसलो होतो. याची तर जीभच नेली.” आणि जेवण अर्धं टाकून उठले.

त्याला उठवलं मिस्त्रींनी. त्यांनी निरोप धाडला, की ते गाणं मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. हा गेला, मी सोबत गेले. मिस्त्री खाटेवर उशांना टेकून बसलेले. याने ठेक्यासाठी खाटेच्या कडेवर बोटं वाजवली आणि म्हणायला लागला. दारात शेजारीपाजारी जमले. एक मुलगी स्कूटरवरून पार्सल पोचवायला आली होती, ती पार्सल हातात धरून तशीच थांबली. गाणं संपलं तेव्हा ती म्हणाली की तीही लिहिते, म्हणू का? म्हटलं तिने. बरं म्हटलं.

तिथून ते सुरू झालं. एका बंद पडलेल्या दुकानात दर रविवारी ही मंडळी जमायला लागली. नियम एकच: नवं गाणं आधी इथे, माणसांसमोर म्हणायचं, मग बाहेर. चारचौघांदेखत जन्मलेल्या पोराला कुणी सहज पळवत नाही. सुरुवातीला ऐकायला मी, सासरे आणि दुकानाचा मालक. नंतर बसायला जागा मिळेना. बाहेरगावाहून बोलावणी आली, तिकीट लावून कार्यक्रम झाले. आज भावोजी अर्धा आठवडा गाड्या धुतो आणि अर्धा आठवडा गाण्यावर जगतो. मिस्त्री हे बघायला राहिले नाहीत.

चोरलेलं गाणं परत मिळालं नाही. अजून वाजतं. परवा एका लग्नात लागलं, तेव्हा मी जाऊन बंद करायला लावलं. वाजवणारा पोरगा चिडला, नवरदेवाकडचे चिडले, चिडू देत.

मध्ये एक बाई त्याची मुलाखत घ्यायला घरी आल्या. भल्या होत्या. त्यांनी विचारलं, की तो धक्का बसला नसता तर तुम्ही इथवर आला असता का? हा विचारात पडला, तशी मीच बोलले, “बाई, घर जळलं म्हणून नवं बांधावं लागलं, तर आग लावणाऱ्याचे आभार मानायचे का?” त्यांनी ते छापलं नाही.

भावोजी पुढच्या रविवारसाठी नवीन काहीतरी करतोय. कपाटाचं दार लावलेलं आहे, माझे बाह्यांचे तुकडे मांडीवर तसेच पडलेत, आणि सासरे खिडकीतून खालच्या भाजीवाल्याला हातानेच खुणावतायत, की जरा हळू ओरड.