वेंडेलची टाळी

गायला लागण्याआधी वेंडेल डावा बूट काढायचा. "डाव्या पायाला गाणं कळतं, उजवा नुसताच चालतो," हे त्याचं ठाम मत. रियाधच्या अल सुलै भागात आमच्या गोदामात तो जनरेटर दुरुस्त करायचा, पण मूळचा अलाबामाचा गायक. लहानपणी चर्चमध्ये गायला, मग स्वतः गाणी रचली, दोन रेकॉर्डही निघाल्या. पुढे रेकॉर्ड कंपनीचंच दिवाळं वाजलं आणि याच्या हाती पाना आला. त्याच्या गाण्यांना सोल म्हणतात. ऐकताना वाटायचं, हा माणूस देवाशी आणि बायकोशी एकाच वेळी भांडतोय.

आमच्यावर त्याचा राग एकाच गोष्टीसाठी होता. मी नाशिकचा, आरतीत वाढलेला. आमचे स्वयंपाकी मुस्तफाभाई रत्नागिरीचे, कव्वालीचे शौकीन. आमची टाळी समेवरच, म्हणजे चारांपैकी पहिल्या ठोक्यावरच पडायची. वेंडेल ओरडायचा, "टू अँड फोर, ब्रदर! पहिला ठोका देवाला सोडा, आपण दुसऱ्यावर यायचं." मुस्तफाभाई मला हळूच म्हणत, "जोर पहिल्यावर नि टाळी दुसऱ्यावर? ह्यांना जेवल्यावर भूक लागते काय रे?"

एक्क्याण्णवचं आखाती युद्ध सुरू झालं आणि नेमका तेव्हाच त्याच्या गावच्या मित्राचा निरोप आला: नवं गाणं टेप करून पाठव, आवडलं तर रेकॉर्ड काढू. वेंडेलची पन्नाशी उलटलेली. पुन्हा कोण विचारणार होतं? विषारी वायूच्या भीतीने आम्ही एका खोलीच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. आमचा जीव मुठीत, आणि हा खूश. "अख्ख्या रियाधमध्ये असा स्टुडिओ नाही!"

टेप घेऊन जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. संध्याकाळी रेकॉर्डिंग सुरू झालं. दोन कडव्यांपर्यंत आमची टाळी बिनचूक पडली. मग हल्ल्याचा भोंगा वाजला. आम्ही घाईघाईने मास्क चढवले आणि घाबरलेले हात गेले थेट समेवर. वेंडेल थांबला नाही. मास्कमधून, पिंपात बसल्यासारखा, तो गातच राहिला. शेवटी टेपवर मुस्तफाभाईंचा अरबीतला आवाज: "यल्ला, खलास!" म्हणजे, चला, संपलं!

मला रडू यायचं बाकी होतं. आम्ही माफी मागितली. त्याने बूट घातला आणि म्हणाला, "हीच जाईल."

युद्ध संपलं, तो मायदेशी गेला. वर्षभराने कॅसेट आली. तेच गाणं, मागे त्याच्या चर्चची मंडळी गात होती, आणि त्या सगळ्यांची टाळी चक्क समेवर! शेवटी वेंडेल हसून म्हणतो, "रियाधच्या माझ्या भावांसाठी. आज देवाने दुसऱ्यावर यावं."

मुस्तफाभाईंनी डोळे पुसले, डावी चप्पल काढली आणि म्हणाले, "परत लाव."