न वाजवण्याची सुपारी

भोंगाकाका दिवसा शिलाई मशिनं दुरुस्त करायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी सॅक्सोफोन वाजवायचे. भोंगा हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी दिलं होतं, आणि ते कौतुकाने दिलेलं नव्हतं. बँडमध्ये तिघंच: ते स्वतः, ड्रमवर त्यांचा जावई, आणि गिटारवर शाळेत गणित शिकवणारे एक मास्तर. कोपऱ्यावरच्या बारमध्ये त्यांची शुक्रवारची सुपारी वर्षानुवर्षं ठरलेली होती.

एका दुपारी बारच्या मालकांनी काकांना बोलावून घेतलं आणि समोर थंडगार सोडा ठेवला. मालक फुकट सोडा पाजतायत म्हटल्यावर बातमी वाईट असणार, हे काकांनी ओळखलं.

"काका, बँड बंद करतोय. गाणं सुरू असलं की कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. वेटर विचारतो, आणखी काय आणू? गिऱ्हाईक तालावर मान डोलावतं. त्याला वाटतं, हो म्हणाले. मग बिलावरून रोज भांडणं."

"बरं," काका म्हणाले. "मग समोर विचारून बघतो."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडच्या बारमध्ये. तो मालकांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. वडील गेल्यापासून दोघा भावांमध्ये विस्तव जात नव्हता. मालकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"समोर नाही जायचं."

"मग आम्ही करायचं काय?"

मालकांनी डोकं खाजवलं. "दर शुक्रवारी या. ठरलेले पैसे घ्या, पोटभर जेवा. फक्त वाजवू नका."

अशी ती न वाजवण्याची सुपारी ठरली. रस्त्यापलीकडून भावाला स्पष्ट दिसावं म्हणून तिघांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. वाद्यं सोबत आणायची, पण पेटीतून काढायची नाहीत. जावई पहिल्याच दिवशी आडवा हात मारून म्हणाला, "मामा, असं काम रोज मिळालं तर मी नोकरी सोडीन." मास्तर पुढच्या वेळेपासून तपासायचे पेपर घेऊन येऊ लागले. काका मात्र चमच्याच्या दांड्यावर बोटं फिरवत बसायचे.

घरी गेल्यावर बायको विचारायची, "अहो, आज कसं झालं?"

"छान."

"लोकांना आवडलं?"

"कुणाची तक्रार नव्हती."

यात खोटं काहीच नव्हतं, तरी काकांना तिच्याकडे बघवत नसे.

एका शुक्रवारी एक जुनं गिऱ्हाईक झुलत झुलत टेबलाशी आलं आणि काकांचा हात हातात घेऊन म्हणालं, "काका, हल्ली तुमचं वाजवणं फार सुधारलंय. अजिबात त्रास होत नाही." काकांनी आभार मानले. मग अर्धं जेवलेलं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून ते रस्ता ओलांडून धाकट्या भावाकडे गेले. म्हणाले, पैसे कमी दिलेत तरी चालेल, पण वाजवू द्या.

भाऊ खो खो हसला. "दादा तुम्हाला गप्प बसायचे पैसे देतोय ना? देऊ दे की! तुम्हाला इथे घेऊन मी त्याचा खर्च कशाला वाचवू?"

काका तसेच परत फिरले आणि मालकांपुढे उभे राहिले. "मालक, असंच बसून राहिलो तर आमचा हात जाईल. मग आम्ही समोर जाऊ म्हणून तुम्हाला तरी कशाला भीती वाटेल? पैसे वाया."

मालकांना हे पटलं. "सराव करा. दुपारी, बार बंद असताना. पण सरावच हं, कार्यक्रम नाही."

पुढच्या बुधवारी अर्ध्या शटरखालून तिघं आत शिरले. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. मालकीणबाई काउंटरमागे ग्लास पुसत होत्या. काकांनी फुंकर मारली, तर आधी नुसती हवाच आली. मग सूर आला, तोही फाटका. मास्तर चुकले, जावई त्यांच्यापुढे धावला, सगळं कोलमडलं. काकांना इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"थांबलात का?" मालकीणबाई म्हणाल्या. "मघाचं ते पुन्हा घ्या."

त्यांनी पुन्हा घेतलं. आवाज ऐकून शटरखालून आधी शेजारचा लाँड्रीवाला वाकून आत आला, मग बाटल्यांचे क्रेट उतरवणारा ड्रायव्हर, मग ड्यूटी संपवून निघालेल्या दोन नर्स. कार्यक्रम नसल्यामुळे कुणाला गप्प बसायची गरज वाटली नाही. जो तो सूचना करू लागला आणि बोलून बोलून सगळ्यांच्या घशाला कोरड पडली. आतल्या खोलीतून मालक बाहेर आले, गर्दीकडे बघत उभे राहिले, आणि मग टेबलांवरच्या खुर्च्या खाली घेऊ लागले.

तेव्हापासून दर बुधवारी बार दुपारपासूनच उघडतो. शुक्रवारचा करार वेगळा, म्हणून शुक्रवारी तिघं अजूनही खिडकीशी मुकाट जेवतात.

लाँड्रीवाल्याकडून बायकोला कळायचं ते कळलंच. एका बुधवारी ती थेट येऊन पुढच्या खुर्चीवर बसली. "इतके शुक्रवार तुम्ही करत काय होतात?"

"जेवत होतो."

ती दोन दिवस बोलली नाही. पण पुढच्या बुधवारी आली, आणि आता दर बुधवारी येते. मालकीणबाईंबरोबर ग्लास पुसते आणि दोघी मिळून चुका काढतात. परवा ती म्हणाली, तुमचा शेवटचा सूर उगाच लांबतो. काकांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या गाण्यात तो आणखी थोडा लांबवला.