पाटलाचं वजन

सत्तारभाईंच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसलेल्या माणसाला अक्षरांचा तक्ता सगळ्यात शेवटी दिसतो. आधी सत्तारभाई काउंटरच्या खणातून एक पत्ता काढतात, गिऱ्हाइकाच्या नाकापासून हातभर अंतरावर धरतात आणि सरकारी वकिलाच्या आवाजात विचारतात, "वाचा. पैलवानाचं वजन किती?"

गिऱ्हाईक डोळे बारीक करतं, मान मागं घेतं, मान पुढं आणतं आणि ओशाळून म्हणतं, "न्हाई दिसत, भाई."

"शाब्बास! मानूस इमानदार हाये. बसा, आता नंबर काढू."

कारण त्या पत्त्यावर वजनाच्या जागी काहीच उरलेलं नाही. शाळकरी बोटांनी घासून घासून आकडा कधीचाच पुसला आहे. एकदा एका तलाठ्यानं मात्र क्षणाचाही विलंब न लावता "एकशे वीस" असं खणखणीत वाचून दाखवलं. सत्तारभाईंनी पत्ता उलटा-सुलटा करून पाहिला आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, तुमची नजर आमच्या दुकानाच्या बाहेरची हाये." आणि चष्मा न देताच त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

दुकान अंबडच्या कोर्टाच्या समोर. मी त्याच कोर्टात वकिली करतो. म्हणजे पुढची तारीख घेतो आणि सत्तारभाईंकडं येऊन बसतो. आम्ही एका गल्लीत वाढलो आणि ते पत्ते त्या गल्लीतले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या लहानपणी स्टेशनरीच्या दुकानात परदेशी पैलवानांच्या पत्त्यांची पाकिटं मिळत. वर चड्डीतला एक आडदांड गडी, खाली त्याची उंची, वजन, छाती, दंड. दोघांनी आपापली गड्डी हातात धरायची. ज्याची पाळी त्यानं वरचा पत्ता बघून म्हणायचं, "छाती, पन्नास!" समोरच्याच्या वरच्या पत्त्याची छाती कमी भरली, तर तो पत्ता गेला. ज्याची गड्डी संपली तो हरला. हे सगळ्या देशात असंच होतं. अंबडचे म्हणून दोन कायदे मात्र जादा होते. पहिला, जिंकणाऱ्यानं हरलेल्याच्या गड्डीतला आपल्या पसंतीचा एक पत्ता उचलायचा आणि घरी न्यायचा. तो परत मागायचा नाही, दिला तर घ्यायचा नाही, पाहिजे तर पुन्हा खेळून जिंकायचा. आणि दुसरा, पत्त्याचा आकडा पुसला असेल तर ज्याच्या हातात पत्ता, त्याची जबान. तो सांगेल तो आकडा. शंका घेणाऱ्याची गड्डी जप्त.

या कायद्याला कुठल्याही पोलिसाची गरज पडली नाही. आज माझ्यासमोर शपथेवर साक्ष देणारे बघतो तेव्हा वाटतं, यांना लहानपणी पत्ते खेळायला द्यायला हवे होते.

सत्तारभाईंचा सगळ्यात लाडका पत्ता खणात नसतो. तो चष्मे पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळून, डाव्या खिशात. त्याचं नाव पाटील. छापलेलं नाव काहीतरी इंग्रजी होतं, पण गड्याच्या मिशा इतक्या झुपकेदार, की गल्लीनं त्याला बिनविरोध पाटील केलं. आता मिशाच तेवढ्या शिल्लक आहेत. बाकी सगळं पांढरं.

हा पाटील मुळात दिलशादचा. दिलशाद म्हणजे शेजारच्या गल्लीतली एकुलती एक खेळणारी मुलगी, आणि आम्हा सगळ्यांना रडवणारी. एका संध्याकाळी सत्तारभाईंनी तिला हरवलं आणि पाटील उचलला. ती फणकाऱ्यानं म्हणाली, "कल देखती तेरेको." पण दुसऱ्या दिवशी तिच्या अम्मीनं फर्मान काढलं, की पोरगी मोठी झाली, आता रस्त्यावर खेळणं बंद. तो 'कल' काही उजाडला नाही.

पुढं दोघांचं लग्न ठरलं. मेहर, म्हणजे नवऱ्यानं नवरीला द्यायची रक्कम, ठरवताना नवरीकडून निरोप आला, मेहरमध्ये पाटील पाहिजे. काझीसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कौन पाटील? कौनसे गाँव के?" सत्तारभाई सेहऱ्याच्या आतून ठामपणे म्हणाले, "जो मांगो वो देता. पाटील नहीं."

तेव्हापासून वीसेक वर्षं त्या घरात एक संवाद नेमानं चालत आला. दुपारी भाभी, म्हणजे तीच दिलशाद, डबा घेऊन दुकानात येतात, काउंटरवर ठेवतात आणि माझ्याकडं बघून, माझ्यासाठी मुद्दाम मराठीत म्हणतात, "भाईसाब, यांना सांगा, माझा पत्ता द्या म्हणावं."

"दिला तर घ्यायचा न्हाई, कायदा हाये," सत्तारभाई. "जिंकून घे."

"मंग बसा खेळायला!"

"आता न्हाई, गिऱ्हाईक हाये."

दुकानात मी सोडून कुणी नसतं. आणि मला चष्मा लागत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या कुणा पोरानं दुकानाच्या काचेवर एक जाहिरात चिकटवली. जालन्याला गेमिंगचा मेळावा, आणि त्यात 'जुन्या पत्त्यांची स्पर्धा'. सत्तारभाईंनी ती सोलून माझ्यापुढं आपटली. "वकीलसाब, हे आपल्या पत्त्यांना जुने म्हनून राह्यले. जुने झाले म्हनून आपल्याला कुनी विचारलं का? चला, जालन्याला जायचं."

निघताना भाभी दारात उभ्या. "जायचं तर जा. पाटलाला घरी ठेवा."

"पाटलाबगर मी तिथं जाऊन काय करू? चष्मे विकू?"

"तिथं हरलात, पत्ता गेला, तर?"

"मी हरत न्हाई."

"मंग आधी माझ्याशी खेळा. इथंच होऊन जाऊ द्या स्पर्धा."

"आता न्हाई," सत्तारभाई चपला घालत म्हणाले, "बस निघंल."

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. लग्नाच्या तिथी नव्हत्या, म्हणून मालकानं हॉल पोरांना दिला असावा. स्टेजवर, जिथं नवरा-नवरी बसतात, तिथं दोन पोरं कानाला हेडफोन लावून एकमेकांना पडद्यावर गोळ्या घालत होती. काम थोडंफार तेच. पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेले, निळ्या केसांचे, शेपट्या लावलेले तरुण इकडून तिकडं जात होते. सत्तारभाईंनी प्रत्येकाला सलाम केला. "अदब पाहिजे," मला म्हणाले, "कोन राजा आन् कोन राक्षस, आपल्याला काय माहीत?" जुन्या पत्त्यांची स्पर्धा 'वरपक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत होती. तिथं गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, पोरसवदा पण फार गंभीर असा एक पंच बसला होता.

त्यानं सत्तारभाईंची गड्डी बघितली आणि म्हणाला, "काका, यावर आकडेच दिसत नाहीत."

सत्तारभाईंनी खिशातून वाचायचा चष्मा काढून पुढं केला. "हा लावा."

पंचानं लावला. "तरी दिसत नाही."

"बिलकुल बराबर. तुमची नजर चांगली हाये," सत्तारभाई समाधानानं म्हणाले. "आकडे न्हाईतच तिथं. मी सांगतो ना!"

पंचानं नाइलाजानं 'चालेल' म्हटलं. एवढ्या लांबून आलेले वयस्कर गृहस्थ, दोन डावांत जातील घरी, असा त्याचा हिशेब. पण सत्तारभाई गेले नाहीत. पहिल्याच फेरीत त्यांनी एका दाढीवाल्या तरुणाला हरवलं, आणि त्याच्या गड्डीतला, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला एक कोरा करकरीत पत्ता उचलून शांतपणे खिशात घातला.

खोलीत हाहाकार उडाला. दाढीवाला उभाच राहिला. "ओ काका! पत्ते परत द्यायचे असतात!"

"परत?" सत्तारभाईंना खरोखर धक्का बसला. "अरे बेटा, तुला हरवलं ते काय कमी हाये? वरून पत्ता परत देऊन बेइज्जत करू का तुला?"

पंच धावत आला. आता माझ्यातला वकील, जो अंबडच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखांवर जगत होता, तो जागा झाला. मी उठलो. कोट नव्हता, पण कॉलर नीट केली. मी म्हणालो, की तुमच्या छापील नियमांत पत्ते परत करावेत असं एक अक्षर नाही. आणि जिथं लेखी नियम नाही, तिथं रूढी चालते. आणि या खेळाची जिल्ह्यातली ज्ञात रूढी अंबडची आहे. निळ्या केसांचे दोघं दारातून ऐकत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात प्रथमच माझ्या युक्तिवादाला टाळ्या पडल्या. पंचानं निकाल दिला, की सत्तारभाईंच्या टेबलावर दोन्ही खेळाडूंना मान्य असेल तर अंबडचे नियम. दाढीवाल्याला चार लोकांत 'मान्य नाही' म्हणवेना. सत्तारभाईंनी माझी पाठ थोपटली. "वकीलसाब, आज तुम्ही केस जिंकली!"

ही जिंकलेली केस कुणाच्या अंगावर येणार आहे, याचा मला पत्ता नव्हता.

मधल्या फेऱ्यांत बाकीच्यांनी अंबडचे नियम नम्रपणे नाकारले आणि हरले. शेवटच्या डावाला समोर आली सायली. पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करणारी, तिशीतली, पत्ते गोळा करायच्या नादानं गावोगाव हिंडणारी. तिनं पाटील बघितला आणि तिचे डोळे मोठे झाले. "काका, हा कुठला? हा मी कधीच पाहिला नाही." मग पंचाकडं वळून म्हणाली, "मला अंबडचे नियम मान्य आहेत."

डाव रंगला. कधी हिची गड्डी जाड, कधी यांची. हळूहळू सत्तारभाईंची पातळ होत गेली आणि शेवटी हातात एकच पत्ता राहिला. तो कुठला, हे सांगायला नको. पाळी सायलीची. तिनं आपला वरचा पत्ता पाहिला आणि म्हणाली, "वजन. एकशे चाळीस."

पंच वाकला, पाटलाकडं बघितलं. मिशा आणि पांढरा कागद. "काका, तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

त्या खोलीत, आणि माझ्या समजुतीप्रमाणं सगळ्या जगात, पाटलाचं वजन ठाऊक असलेला माणूस एकच होता. मी समोर उभा राहून भुवया वर केल्या. मग दोन्ही गाल फुगवून दाखवले. साक्षीदाराला यापेक्षा स्पष्ट सूचना मी कोर्टातही कधी दिलेली नाही.

सत्तारभाईंनी चष्मा काढला. पिवळ्या फडक्यानं पुसला. परत लावला. जे नव्हतंच ते नीट बघून घेतलं.

"एकशे एकोनचाळीस," ते म्हणाले.

सायलीनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग हलकेच पाटील उचलला. सत्तारभाईंनी फडकंही तिच्याकडं सरकवलं. "याच्यात ठेवत जा. त्याला धूळ चालत न्हाई."

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. "सत्तारभाई, दोनच किलो वाढवले असते तर कुणाला कळलं असतं?"

ते खिडकीतून बाहेर बघत होते. सुकलेल्या पऱ्हाट्यांची रानं मागं पळत होती. "वकीलसाब, जिंदगीभर त्याला एकशे एकोनचाळीसवर ठेवला. आता जाता जाता कशाला जाड करू?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मला त्या पोरीची भीती न्हाई. घरी काय सांगू, ते बोला."

घरी सांगावं लागलंच नाही. रिकाम्या खिशाकडं भाभींची नजर आधी गेली. त्यांनी भांडण काढलं नाही, हेच भयंकर होतं. पाण्याचा तांब्या पुढं ठेवून फक्त विचारलं, "शेवटी काय मागितलं तिनं?"

"वजन. एकशे चाळीस."

"आन् तुम्ही किती सांगितलं?"

"एकशे एकोनचाळीस."

"बराबर," भाभी म्हणाल्या. "दुसरं काही सांगितलं असतं तर आज ताट न्हाई मिळालं असतं."

जगात हे वजन ठाऊक असलेली माणसं दोन होती, हा शोध मला त्या क्षणी लागला. माझे फुगवलेले गाल आठवून मी निमूटपणे घरी गेलो.

गोष्ट इथं संपली असती, तर सत्तारभाई सुखी राहिले असते. पण काही आठवड्यांनी सायली अंबडच्या स्टँडवर उतरली आणि विचारत विचारत दुकानात आली. मी होतोच. तिनं पिवळं फडकं काउंटरवर ठेवलं. "काका, मला झोप लागत नाही हो. तुम्ही खरं सांगितलंत. हा तुमचाच. घ्या परत."

सत्तारभाईंचा हात उचलला गेला आणि अर्ध्यात थांबला. कायदा त्यांचाच होता. वर मी तो जालन्यात सिद्ध करून ठेवला होता.

तेवढ्यात भाभी डबा घेऊन आल्या. त्यांनी फडकं ओळखलं, पोरीला न्याहाळलं, आणि डबा बाजूला ठेवून स्टूल ओढलं. "आमच्यात परत घेत न्हाईत, बेटा. बस. खेळ माझ्याशी."

सायलीनं पिशवीतली आपली गड्डी काढून पाटील तिच्यात सरकवला. सत्तारभाईंची गड्डी खणातून काढून भाभी बसल्या. पदर खोचला. आणि मग मी जे पाहिलं, ते गल्ली सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. भाभी पत्त्यावरच्या पुसलेल्या जागेकडं बघतही नव्हत्या, गडी ओळखला की आकडा तोंडात. "दंड, बावीस. उंची, सहा-पाच. आन् पुढचा." सायली घामाघूम. एक गिऱ्हाईक आलं, त्याला सत्तारभाईंनी हातानंच बसवलं. या वेळी दुकानात खरोखर गिऱ्हाईक होतं आणि त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. भर दुपारी भाभींनी पुण्याची गड्डी संपवली.

"आता उचल हं," असं स्वतःलाच म्हणून त्यांनी पाटील उचलला. सायली हसत सुटली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सत्तारभाईंनी आपला डावा खिसा मोकळा करून, अगदी सहज असावं तसा हात पुढं केला.

भाभींनी पाटील फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

आता दुपारी डबा भाभी आणत नाहीत. सत्तारभाई स्वतः घरी जेवायला जातात, आणि हल्ली मलाही बरोबर नेतात. साक्षीदार लागतो म्हणतात. ताटावर बसल्या बसल्या ते खिशातून गड्डी काढतात आणि चटईवर ठेवतात.

"होऊन जाऊ दे एक डाव."

भाभी स्वयंपाकघरातून बाहेर बघतसुद्धा नाहीत.

"आता न्हाई," त्या म्हणतात, "कुकर लावलाय."

सत्तारभाई माझ्याकडं बघतात. मी कान देऊन ऐकतो. आत कुकर काही वाजत नाही.