ड्रायव्हरमागची सीट

या सदरातले गूढ अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि दर महिन्याला नाक मुरडते. आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला वाट देतो, एवढीच आमची श्रद्धा. तेव्हा हे मी लिहायला बसलेय याचं मलाच नवल वाटतंय... पण माझे यजमान विजय गेल्या वर्षी गेले, सासरे तर कधीचेच गेले. सांगायला आता मी एकटीच उरलेय.

पंजाबातली ती अतिरेक्यांची वाईट वर्षं. विजय तेव्हा कॅप्टन, पोस्टिंग चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत. (मी नवऱ्याला नावानं हाक मारते म्हणून सासरी पहिली दोन वर्षं सगळ्यांना ठसका लागायचा.) सासूबाई गेल्यावर माझे सासरे, अण्णा, कऱ्हाडहून आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. सामान म्हणजे दोन धोतरं, अडकित्ता आणि सात वह्या.

वह्यांत कादंबरी होती. विजयचे थोरले भाऊ श्रीकांत – घरातला श्री – एकाहत्तरच्या लढाईत गेले, युद्धबंदीच्या आदल्या दिवशी. बावीस वर्षांचे होते. विजय तेव्हा नऊ वर्षांचे. अण्णांच्या कादंबरीत ती युद्धबंदी दोन दिवस आधी होते. बस्स, एवढाच फरक. श्री घरी येतो, लग्न करतो, त्याला मुलगी होते, मेजर होतो.

"इतिहासात एकच गोष्ट बदलायची, सुमन," अण्णा मला सांगायचे. "पुढचं आपोआप घडू द्यायचं. दुसरी बदलली की ती थाप."

रोज नाश्त्यानंतर ते लिहायचे आणि दुपारी मी पक्क्या वहीत उतरवून काढायची, कारण अण्णांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. वर्षभर उतरवता उतरवता श्रीभाऊजी मला आपले वाटायला लागले. भिंतीवरच्या फोटोत बावीस वर्षांचे, आणि वहीत माझ्यासमोर चाळिशीला आलेले.

जानेवारीत एक दिवस अण्णांनी चार पानं पुढ्यात ठेवली आणि व्हरांड्यात जाऊन बसले. श्री चंडीगडच्या सेक्टर सतराच्या बसस्टँडवरून सकाळची जालंधरची बस धरतो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतो. वाटेत बस अडवतात. गोळीबार होतो.

"अण्णा, हे कशाला? एवढा वाचवलात ना त्यांना?"

"मी नाही गं मारत," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "फौजी आहे तो, आणि पंजाब पेटलाय. तो निघालाच. मला अडवता येईना."

मला रडू आवरेना. आणि मग मी लबाडी केली. पक्क्या वहीत मी माझं घातलं – बसस्टँडवर श्रीच्या कानावर कुणाचं तरी मराठी पडतं, तो थांबून विचारतो 'कुठले तुम्ही?' आणि गप्पांत बस निघून जाते. आम्हा मंडळींची खोडच ती! चंडीगडात मराठी ऐकलं की भाजीवाल्यापुढे दुधी हातात धरून आम्ही अर्धा तास उभे. अण्णांना मी काही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात विजयना दोन दिवसांसाठी जालंधरला जायचं निघालं. युनिटची जीप नव्हती. सकाळच्या बसनं जातो म्हणाले, साध्या कपड्यांत. मला वहीतली ती बस आठवली. पण कुठल्या तोंडानं अडवणार? कादंबरीत असं आहे म्हणून? नवरा हसला असता. मी डबा बांधून दिला.

दुपारी शेजारची मेजरीणबाई धावत आली. जालंधरच्या बसवर गोळीबार झाला होता, सकाळच्याच. पुढचे तीन तास मी काय केलं मला आठवत नाही. अण्णा देवापुढे बसले नाहीत, फोनपुढे बसले.

चार वाजता विजय दारात उभे.

पाणी प्यायले आणि म्हणाले, "बस चुकली. मागच्या गाडीनं निघालो, ती वाटेतूनच परत फिरवली."

ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर रुमाल टाकून ते चहा प्यायला उतरले होते. शेजारी एक गृहस्थ, चाळिशीचे, हात चोळत आपल्याशीच म्हणाले, "च्यायला, काय गारठा आहे!" विजय चमकले. कुठले तुम्ही? तर कऱ्हाडचे! मग काय, कृष्णेचा घाट, शाळेची घंटा... "वडील कसे आहेत?" असंही त्यांनी विचारलं. तेवढ्यात कंडक्टरनं शिट्टी मारली. बस भरली होती, विजयची तेवढी जागा रिकामी.

"तिथे मी बसतो. तू मागच्या गाडीनं ये," गृहस्थ म्हणाले आणि चढले.

"मी 'बरं' म्हटलं," विजय सांगत होते. "का म्हटलं ते कळत नाही. बस गेल्यावर लक्षात आलं – ओळख ना पाळख, आणि हा मला अरेतुरे करतो?"

मी रडत रडत माझी लबाडी कबूल केली. अण्णांनी पक्की वही मागवली, माझ्या ओळी दोनदा वाचल्या. मला वाटलं, चिडतील.

"एका पुस्तकात दोन बदल मावत नाहीत, सुमन," ते इतकंच म्हणाले. मग पेन काढलं आणि माझ्या ओळी एकेक करून खोडल्या. श्रीला त्यांनी आपल्या हातानं पुन्हा त्या सीटवर बसवलं. पोरगा दुसऱ्यांदा गेला त्यांचा, आणि या वेळी धाकट्यासाठी त्यांनी स्वतः जाऊ दिला.

पेन खाली ठेवून त्यांनी विजयकडे पाहिलं. "केस पिकले होते का रे त्याचे?"

विजयची नजर भिंतीवरच्या श्रीच्या फोटोकडे गेली. मग त्यांचा चेहरा बदलला. "कानांजवळ थोडे," ते म्हणाले. "तुमच्यासारखे."

दोन दिवसांनी पेपरात नावं आली, गेलेल्यांची आणि जखमींचीही. मी बोट ठेवून वाचली. त्यात एकही मराठी नाव नव्हतं. विजयनी बसस्टँडवर जाऊन चौकशी केली, चहावाल्याला विचारलं. चहावाला म्हणाला, "साबजी, आप तो अकेले खड़े थे." आता गर्दीत त्याचं लक्ष नसेल, असंही असू शकतं. मी अजूनही असंच म्हणते.

खुलासा माझ्याकडे नाही. पक्की वही तेवढी आहे. अण्णांनी पुढे काही लिहिलं नाही. खोडलेल्या ओळींखाली मुंग्यांच्या अक्षरात त्यांची शेवटची ओळ आहे, ती वाचताना मला अजून चष्मा पुसावा लागतो – 'श्रीचे केस कानांजवळ पिकले होते.'